परसातली बाग, मे महिन्यात आटणारी विहीर आणि चित्रकला: सुरुवात कुठून करायची?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही गोव्यात, बारदेशात राहता, घरामागं परसात मिरच्या, अळू, तांबडी भाजी, चार फुलझाडं, विहीर मे महिन्यात तळाला जाते, आणि इतकी वर्षं ॲक्रेलिकमध्ये चित्रं काढल्यावर आता बाग आणि पाणी बचत ह्या विषयावर असं काही करायचंय जे स्वतःच पर्यावरणाला त्रास देणार नाही. मटेरियल कुठलं घेऊ, आपल्या पावसात टिकेल का, आणि कुणी विकत घेईल का, हे तुमचे तीन प्रश्न. मी फोंडा तालुक्यात राहतो, बावीस वर्षं झाली माती आणि बाग दोन्हीत हात आहेत, वर्कशॉपही घेतो, त्यामुळं जरा मोठं उत्तर देतो, चहा घेऊन बसा.

आधी माझीच एक चूक सांगतो कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. बरीच वर्षं झाली, एका कार्यक्रमासाठी मी पाणी वाचवा ह्या विषयावर मोठा थेंब केला होता, सहाशे प्लास्टिकच्या बाटल्या, आतून निळा ॲक्रेलिक. फोटो खूप छान आले. पण त्या बाटल्या धुवायलाच दोन दिवस पंप चालू होता, निळं पाणी मागच्या गटारात गेलं, आणि कार्यक्रम संपल्यावर तिसऱ्या दिवशी आयोजकांनी सगळं ट्रकमध्ये भरून टाकून दिलं. मी तिथं गेलो तेव्हा गवतावर निळे पापुद्रे पडले होते, नखाएवढे, आणि ते मी वेचत बसलो, पण सगळे वेचून होत नाहीत. त्या दिवसापासून एक सवय लावून घेतली. काम सुरू करायच्या आधी वहीत तीन ओळी लिहितो: ह्या कामाला किती पाणी लागणार आणि ते कुठून येणार, वापरलेलं पाणी कुठं जाणार, आणि ही वस्तू मोडली की तिचं काय होणार. तिसऱ्या ओळीचं उत्तर "परसातल्या मातीत जाईल" असं येत नसेल तर मी मटेरियल बदलतो. तुम्हाला मला जे सांगायचंय ते खरं म्हणजे एवढंच, बाकी सगळं ह्याच्याच तपशीलात येतं.

आता आपल्याकडच्या पाण्याचा हिशोब बघा. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हा हिशोब पाठ करून ठेवा. माझ्या कामाच्या शेडवर १२ चौरस मीटर पत्रा आहे, म्हणजे वर्षाला ३६,००० लिटर त्याच्यावर पडतं, उडून-सांडून गेलेलं सोडलं तरी ३०,००० च्या आसपास. एवढ्या छोट्या पत्र्यावर! आणि तरी एप्रिलमध्ये आपण टँकर शोधत असतो, कारण आपली जमीन जांभ्याची, चिऱ्याची, भोकाभोकाची, पाणी पटकन पिते आणि तितक्याच पटकन खालच्या बाजूला सोडून देते. तुमची विहीर ऑगस्टमध्ये हात घालून पाणी काढावं इतकी वर येते आणि मेमध्ये तळ दाखवते त्याचं मोठं कारण हेच. म्हणून गोव्यात ह्या विषयावर काम करायचं तर कॅलेंडर दोन भागांत पाडायचं. भरपूर पाणी लागणारी कामं, म्हणजे माती गाळणं, कागदाचा लगदा करणं, चुन्याचं काम, हे सगळं पावसात. आणि नोव्हेंबर ते मे ऊन वापरायचं, कारण ऊन हे सुद्धा मटेरियल आहे, ते कसं ते पुढं सांगतो.

तुम्ही पहिलं काम हे करा असं मला मनापासून वाटतं, त्याला पैसे लागत नाहीत. विहिरीचा सुंभ. साधा काथ्याचा सुंभ घ्या, टोकाला चिऱ्याचा तुकडा बांधा, दर रविवारी सकाळी पंप लावायच्या आधी विहिरीत सोडा, दगड पाण्याला टेकला की काठापाशी चिमटीत धरा आणि तिथं गाठ मारा. टेकलेलं हाताला कळतं, सुंभ एकदम हलका होतो. मग गाठीपासून दगडापर्यंतचा तुकडा कापून घ्या, दगड सोडवा आणि त्या आठवड्याचा तुकडा म्हणून भिंतीवर एका आडव्या काठीला टांगा. पुढच्या रविवारी दुसरा, त्याच्या शेजारी. वर्षाचे बावन्न. ऑगस्टमधले तुकडे हाताएवढे, मेमधले जमिनीपर्यंत लोळणारे. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा डिसेंबरपर्यंत काही विशेष दिसत नव्हतं, आणि जानेवारीच्या मध्यापासून तुकडे भराभर लांब व्हायला लागले, मला वाटत होतं पाणी मार्चमध्ये उतरतं, ते खरं जानेवारीतच उतरायला लागलं होतं. वीस वर्षं त्याच विहिरीचं पाणी पितोय आणि मला ते माहीत नव्हतं. कोरड्या महिन्यांचे तुकडे मी तांबड्या मातीत बुडवले, पावसाचे तसेच सोनेरी ठेवले, बाकी काही नाही. घरी येणारं प्रत्येक माणूस त्याच्यासमोर उभं राहतं आणि विचारतं हे काय, आणि मग त्यांच्या विहिरीबद्दल बोलायला लागतं. शेजारच्या आजींनी सांगितलं की त्यांच्या लहानपणी ह्याच विहिरीवर मे महिन्यात सुद्धा कुळागराचा, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेचा, पाट चालायचा. असं काम केलं की बागेत पाणी कधी तोडायचं, कुठली भाजी जानेवारीनंतर लावायचीच नाही, हे पण कळतं. म्हणजे चित्र काढता काढता बाग सुधारते.

आता तुमच्या ॲक्रेलिकचं. आहेत ते रंग फेकू नका, वापरून संपवा, फक्त ब्रशचं पाणी सिंकमध्ये ओतणं आजपासून बंद. ॲक्रेलिक म्हणजे प्लास्टिकच, पाण्यात ते बारीक कणांनी राहतं आणि गटारातून ओहोळात, ओहोळातून नदीत. आधी ब्रश जुन्या फडक्याला पुसा, अगदी कोरडा होईपर्यंत, निम्म्याहून जास्त रंग तिथंच जातो. मग दोन बरण्या, पहिलीत खंगाळायचं, दुसरीत शेवटचं. नळाखाली ब्रश धुणं हे सगळ्यात वाईट, माझा नळ बादली लावून मोजला तर मिनिटाला ८ लिटर सोडतो, आणि एका ब्रशला आपण सहज दोन मिनिटं घेतो. पहिली बरणी गढूळ झाली की बादलीत साठवा, बादली भरली की चमचाभर तुरटी कोमट पाण्यात विरघळवून त्यात टाका, ढवळा, मग चिमूटभर विझवलेला चुना, पुन्हा ढवळा आणि रात्रभर सोडा. सकाळी रंगाचा गोळा खाली बसलेला असतो आणि वर स्वच्छ दिसणारं पाणी. हे पाणी दिसतं स्वच्छ पण ते झाडांना घालू नका, तुळशीला तर मुळीच नाही, ते परत ब्रश धुवायलाच वापरायचं, अनेक वेळा चालतं. खालचा गाळ जुन्या फडक्यात गाळून उन्हात वाळवायचा आणि पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात द्यायचा. कॅडमियम, कोबाल्ट असं नाव असलेल्या ट्यूब असतील तर जास्तच सांभाळा.

ॲक्रेलिक संपले की माती. तुमच्या पायाखाली रंगाचं दुकान आहे. परसातली तांबडी, रस्त्याच्या कापलेल्या डोंगरात मिळणारी पिवळी, विहीर खणताना खोल लागते ती पांढरट, आणि काळ्यासाठी करवंटीचा कोळसा. एक तांब्याभर तांबडी माती घ्या, हातानं चुरा, मोठ्या काचेच्या बरणीत पाण्यात ढवळा आणि बघत बसा, हे बघण्यासारखं असतं. पहिल्या मिनिटातच रेव खाली बसते, तिचा आवाज सुद्धा येतो काचेवर. वरचं गढूळ पाणी लगेच दुसऱ्या बरणीत ओता. तासाभरात त्यातलं जाडसर बसतं, परत वरचं तिसऱ्या बरणीत. आणि त्या तिसऱ्या बरणीत जे रात्रभर तरंगत राहून सकाळी तळाला बसतं तो तुमचा रंग, बोटावर घेतला तर लोण्यासारखा लागतो, कण म्हणून जाणवत नाही. वरचं पाणी परत पहिल्या बरणीत, एकच पाणी फिरत राहतं, शेवटी उरेल ते मिरचीला, त्यात मातीच आहे.

बाइंडर, म्हणजे रंग कागदाला धरून ठेवणारा चिकट पदार्थ, म्हणून आपली पेज. उकड्या तांदळाची घट्ट पेज गाळून घ्या, मीठ न घातलेली, आणि रंग त्यात खलबत्त्यात घोटा. पेजेचा रंग थोडा मॅट, भिंतीसारखा दिसतो, मला तो फार आवडतो. डिंकाचं पाणी घेतलं तर जरा चकाकी येते आणि पातळ वॉश चांगले जमतात. चिंचोक्याची खळ सुद्धा चालते, कापडावर तीच जास्त चांगली. पेजेचा त्रास एकच, पावसात बुरशी येते आणि झुरळं येतात, म्हणून लागेल तेवढीच रोज ताजी करायची, लवंगेच्या तेलाचा एक थेंब टाकायचा, आणि चित्र जून लागायच्या आत काचेत घालून मागून नीट बंद करायचं. माती मात्र आपल्याच जागेतली घ्या, मूठ दोन मूठ. सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या खडकाळ पठारावरची, माती, शेवाळ, तिथली फुलझाडं ह्यांना हात लावू नका, सड्यावर मातीचा थर बोटभर असतो आणि पावसात त्याच्यावर दवबिंदूसारखी किडे खाणारी झाडं उगवतात, ती एकदा उपटली की परत येणं कठीण.

उन्हाचं काम म्हणजे अँथोटाइप. झाडाच्या रसानं कागद रंगवायचा, वर पान ठेवायचं, काच लावून उन्हात ठेवायचं, ऊन उघडा रंग उडवतं आणि पानाखालचा तसाच राहतो. १८४२ मध्ये जॉन हर्शेल ह्या इंग्रज शास्त्रज्ञानं ह्याच्यावर काम केलं होतं, फुलांचे, पानांचे रस घेऊन. त्याच वर्षी त्यानं सायनोटाइप सुद्धा काढला, तो निळा छापा आता सगळ्या वर्कशॉपमध्ये शिकवतात, पण त्याला छापल्यावर भरपूर पाण्यानं धुवावं लागतं आणि केमिकल लागतं. अँथोटाइपला धुणंच नाही. पूर्ण कामाला वाटीभर सुद्धा पाणी लागत नाही, म्हणून तुमच्या विषयाला हेच बरोबर बसतं असं मी म्हणेन.

तुमच्याकडे तांबडी भाजी आहे ना, तिचाच रस घ्या. पानं बारीक वाटून, अगदी थोडं पाणी, मलमलच्या फडक्यातून पिळून. जाड कागदावर सावलीत एक हात द्या, वाळू द्या, परत, असे तीन-चार हात. कागद गुलाबी-लालसर होतो. अळूचं, शेवग्याचं, नेच्याचं पान वर ठेवून काचेत क्लिप लावून घट्ट करा आणि टेरेसवर. सकाळचं पहिलं ऊन ते संध्याकाळ, रोज, आणि कोपरा थोडा उचलून बघायचं किती उडालंय. एप्रिलच्या उन्हात काही दिवसांत होतं, डिसेंबरमध्ये जास्त लागतात, प्रत्येक रसाचा वेळ वेगळा, तो तुमचा तुम्हालाच वहीत लिहून काढावा लागतो. हळद स्पिरिटमध्ये घोळवून लावली तर सगळ्यात लवकर होतं, पहिल्यांदा करणाऱ्यांना मी हळदच देतो कारण एका दिवसात रिझल्ट दिसला की हुरूप येतो. मायाळूच्या पिकलेल्या फळांचा जांभळा रस तर इतका सुंदर येतो की काय सांगू. हे चित्र पक्कं करता येत नाही, म्हणजे उजेडात ठेवलं तर ते हळूहळू उडत जाणारच. मी ते कपाटात ठेवतो, आणि प्रदर्शनात वर एक छोटा कापडी पडदा लावतो, बघणाऱ्यानं तो हातानं उचलायचा आणि परत सोडायचा. लोक तो पडदा किती जपून सोडतात ते बघून मला दरवेळी भरून येतं.

आता मडकी. बागेला पाणी द्यायची ही फार जुनी पद्धत, भाजलेलं पण ग्लेझ न केलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं, पाणी भरायचं, वर झाकण. भोवतालची माती कोरडी झाली की ती मडक्यातून पाणी ओढून घेते, ओली असली की ओढणं थांबतं, म्हणजे झाडाला लागेल तेवढंच आणि थेट मुळाशी, वरून उडून जात नाही. माझ्या वांग्यांच्या वाफ्यात सहा लिटरची तीन मडकी आहेत, चार झाडांना एक, आणि एप्रिलमध्ये सुद्धा चौथ्या दिवशी भरावी लागतात. आधी त्याच वाफ्याला पाइपनं रोज दोन-तीन बादल्या जायच्या.

ह्यात कला कुठं आली? मडक्याचा गळा आणि झाकण जमिनीच्या वर दिसतं, तीच तुमची जागा. मी डिचोलीच्या एका कुंभारांकडे बसून करतो, पोट ते चाकावर काढून देतात आणि गळ्यावर मी हातानं काम करतो, कधी बगळा, कधी बेडूक, कधी नुसती फणसाच्या सालीसारखी काट्यांची नक्षी. मातीत थोडं भाताचं तूस मिसळलं तर भट्टीत ते जळतं आणि बारीक छिद्रं राहतात, पाणी चांगलं झिरपतं, पण जास्त झालं तर मडकं दुबळं होतं, मी दहा भाग मातीला एक भाग घेतो. पोटाला रंग लावू नका, घोटू पण नका, छिद्रं बंद होतात, हे मी करून बघितलंय, सुंदर चमकदार मडकं झालं आणि आठ दिवस त्यातलं पाणी जागचं हललं नाही. झाकण घट्ट बसलं पाहिजे, उघडं पाणी म्हणजे डास.

आणि एक गंमत बघायला मिळेल ती सांगतो, ती कुणी शिकवत नाही. दोन-तीन महिन्यांनी गळ्यावर पांढऱ्या रेषा यायला लागतात, पाण्यातला क्षार बाहेर येऊन वाळतो त्याच्या. पाणी जिथवर होतं तिथं एक रेष, मग उतरलं तिथं दुसरी, भरतीच्या खुणा खडकावर असतात तशा. समुद्राजवळच्या विहिरींच्या पाण्यानं त्या जास्त येतात. पहिल्यांदा मी त्या ब्रशनं घासून काढायचो, आता तशाच ठेवतो, त्या पाण्यानं काढलेल्या आहेत. फक्त पोटावर जास्त क्षार धरला की झिरपणं कमी होतं, मग वर्षातून एकदा, पावसाच्या तोंडावर, मडकं उपसून पावसाच्या पाण्यात भिजत टाकायचं.

पावसाळ्यासाठी पागोळीची माळ करा. पत्र्याच्या पन्हळीखाली पाइपच्या ऐवजी करवंट्यांची माळ, प्रत्येक करवंटीला तळाशी भोक, सुंभात ओवलेल्या, पाणी एकीतून दुसरीत उतरत खाली दगडी डोणीत. करवंट्या आतून नीट खरवडून आणि उन्हात वाळवून घ्या नाहीतर आठवड्यात कुजका वास येतो. दोन पावसाळे टिकते, मग नवी, जुनी चुलीत. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी बाजूला सोडायचं कारण छपरावरची धूळ, पक्ष्यांची घाण त्यात असते. डोण भरून वाहणारं पाणी विहिरीजवळच्या खड्ड्यात न्या, खाली मोठे चिऱ्याचे तुकडे, मग खडी, मग वाळू. ह्या खड्ड्यात फक्त छपराचं पाणी, अंगणातलं नाही, आणि रंगाच्या बादलीतलं तर कधीच नाही. खरं सांगायचं तर जांभ्यात सोडलेलं हे पाणी सगळं तुमच्याच विहिरीत थांबेल असं नाही, उतारावर घर असेल तर ते खालच्या वाड्यावरच्या विहिरीत किंवा झरीत निघेल. मला त्यात वाईट काही वाटत नाही, माझ्या विहिरीत येणारं पाणी पण वरच्या कुणाच्या तरी परसातूनच येतं.

शेवाळाच्या चित्राबद्दल पण विचारलंय तुम्ही, ताक आणि शेवाळ मिक्सरमध्ये फिरवून भिंतीवर लावायचं ते. मी चार वेळा केलं, चारही वेळा वरचं ताक सडलं आणि मुंग्या आल्या. आपल्याकडे त्याची गरज पण नाही, जुलैमध्ये चिऱ्याची गडग्याची भिंत आपोआप हिरवी होते, तुम्ही फक्त नारळाच्या सोडणानं आणि पावसाच्याच पाण्यानं घासून नको तिथलं काढा, तांबडा दगड वर येतो आणि हिरव्यात चित्र उमटतं. दिवाळीपर्यंत ऊन लागून ते जातं. बियांचा कागद करणार असाल तर पावसातच करा, लगद्याचं पाणी बागेला जाईल, आणि बी आपलं तेरड्याचं घाला, ऑनलाइन मिळणारी परदेशी फुलांची मिक्स पाकिटं नकोत.

टिकाऊपणाचं आता. तुमच्या मनात जी धाकधूक आहे ती मला समजते, चित्र म्हणजे शंभर वर्षं टिकलं पाहिजे असं आपल्याला शिकवलेलं असतं. पण आपल्या घरात चवथीला गणपतीच्या वर माटोळी बांधतो ती आठवा. लाकडी चौकटीला नारळाची पेंड, सुपारीचे घोस, तोरंजन, चिबूड, कांगलां, कवंडळं, रानातून शोधून आणलेलं प्रत्येक फळ आणि फूल, केवण्याच्या दोरानं बांधलेलं, आणि किती विचार करून, कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी, जड कुठं, हलकं कुठं. कला आणि संस्कृती संचालनालय त्याच्या स्पर्धा घेतं, लोक रात्री जागवतात. विसर्जन झालं की ती उतरते, आणि पुढच्या वर्षी परत बांधायची असते म्हणून ते रान, ती झाडं, त्यांची नावं माणसं लक्षात ठेवतात. सांजावला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, डोक्यावर घालतात ती पानाफुलांची कोपेल पण तशीच, २४ जूनला विहिरीत उडी मारली की तिचं काम झालं. तेव्हा उडून जाणारं, विरघळणारं काम आपल्याला नवीन नाही.

आणि टिकाऊच हवं असेल तर कावी ही भिंतीवरची जुनी चित्रकला शिका. पेडणे, डिचोली भागातल्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर अजून बघायला मिळेल, तांबडं आणि पांढरं, दोनच रंग. शिंपल्यांचा चुना, वाळू, गूळ घालून मुरवलेला गिलावा, ओला असताना त्याच्यावर तांबड्या मातीचा थर, गुळगुळीत दगडानं घोटायचं, आणि मग लोखंडी काट्यानं वरचा थर खरवडला की खालचा पांढरा दिसतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून दगडासारखा होतो, सिमेंटही नको, ऑइल पेंटही नको. सुरुवात फूटभर फरशीवर करा. चुना भिजवताना उकळतो आणि डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, हातमोजे, चष्मा लावल्याशिवाय हात लावायचा नाही, मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही. आणि थोडा उरलेला चुना झाडाच्या बुंध्यात ओतू नका, आपली जमीन आंबट असते हे खरं, शेतकरी चुना टाकतात, पण पसरून, एका जागी ढीग झाला की मुळं जळतात.

मोठ्या कामाची दिशा म्हणून दोन उदाहरणं सांगतो, वेळ मिळेल तेव्हा फोटो शोधून बघा. १९७२ मध्ये हान्स हाके ह्यांनी जर्मनीत क्रेफेल्डच्या म्युझियममध्ये ऱ्हाईन नदीचं घाण पाणी आणून ते गाळायची यंत्रणाच प्रदर्शनात मांडली, गाळलेल्या पाण्याच्या टाकीत गोल्डफिश पोहत होते आणि उरलेलं पाणी म्युझियमच्या बागेला जात होतं. आणि १९९८ मध्ये चीनमधल्या चेंगडूला बेट्सी डेमन ह्यांच्या पुढाकारानं नदीकाठी एक आख्खी बाग उभी राहिली, नदीचं पाणी दगडी शिल्पांतून आणि पाणवनस्पतींच्या तळ्यांतून फिरत फिरत स्वच्छ होत जातं, मुलं त्यात खेळतात. दोन्हीकडे पाण्याचं चित्र कुठं नाही, पाणी स्वतःच काम करतंय. आपल्याकडे कुळागरातला पाट बघा, किंवा खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातलं, मानस, भरती आली की लाकडी दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात, खारं पाणी शेताबाहेर राहतं. मी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी मानसावर घेऊन जातो, सहा तास बसवतो, आणि चित्र काढायला मनाई करतो. नुसतं बघायचं. दुसऱ्या दिवशी जे काढतात ते वेगळंच असतं.

विकण्याबद्दल. होय, घेतात लोक, पण आधी स्पष्ट बोलावं लागतं. अँथोटाइप देताना मी सोबत एका कागदावर लिहून देतो की हे उजेडात उडेल, कसं ठेवायचं, आणि ज्या झाडाच्या रसाचं आहे त्याचं बी पुडीत देतो. तीन वर्षांत फिकं झालं तर त्याच बागेतून नवं करून देतो, त्याचे पैसे आधीच्या किमतीतच धरलेले असतात. मडकी सगळ्यात जास्त जातात, कारण माणसाला वापरता येतात. एकदा एका हॉटेलवाल्यांना मातीच्या रंगाचं मोठं भिंतचित्र हवं होतं पण वर एपॉक्सीचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या रेझिनचा, थर मारून, कायम चकचकीत राहावं म्हणून. मी ते सोडलं. घरात त्या महिन्यात पैशांची गरज होती, तरी सोडलं, आणि आजही तेच करेन.

सध्या ऊन चांगलं आहे तोवर सुंभ आणि हळदीचा कागद लगेच सुरू करा, आणि मडकी पावसाच्या आधी घेऊन ठेवा, पावसात कुंभारांच्या भट्ट्या लागत नाहीत. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी सामान भरून ठेवायच्या, दिवसांत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाणार असालच, तेव्हा घ्या. बोटानं टकटक करून बघा, खणखणीत आवाज आला तर तडा नाही. बाहेरून लाल रंग फासलेलं, घोटून गुळगुळीत केलेलं घेऊ नका. घरी आणलं की पुरायची घाई नको, गळ्यापर्यंत पाणी भरून रात्रभर जुन्या वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद सगळीकडून सारखा ओला झालेला दिसला, एकाच जागी डबकं नाही, तर ते मडकं बागेचं. एकाच जागी डबकं असेल तर त्यात तडा आहे, त्याची कुंडी करा. आणि कागद कोरडाच राहिला तर ते पिण्याच्या पाण्यावर झाकण म्हणून सुद्धा नको, त्याच्यावर काहीतरी फासलेलं आहे, परत करून या.